मेरीची मोजडी

आपल्या मंडळातली कितीतरी कुटुंबं उन्हाळ्यात मुलांना घेऊन यॉर्कशायर डेल्समध्ये जातात. इंगलटन गावाच्या वर इंगलबरोचा डोंगर दिसू लागला की गाडीतलं कुणीतरी हमखास म्हणतं, "अरे, हा तर आपल्या एखाद्या किल्ल्यासारखा दिसतोय!" माथा सपाट, कडे तुटलेले, आणि वर खरोखरच प्राचीन तटबंदीचे अवशेष. फरक एवढाच की सह्याद्रीचा दगड काळा आणि इथला चुनखडीचा, पांढरट राखाडी.

या डोंगराच्या आसपासच्या रानात एकेकाळी एक फूल मुबलक फुलत असे. पुढे ते इतकं दुर्मीळ झालं, की साऱ्या ब्रिटनमध्ये त्याचं एकच रानटी झाड उरल्याचं माहीत होतं. त्या एका झाडाचा पत्ता काही मोजक्या लोकांनी वर्षानुवर्षं छातीशी धरून ठेवला, बायकापोरांनाही सांगितला नसेल! इंग्लंडच्या इतिहासात राजेरजवाडे, लढाया आणि कारखाने पुष्कळ आहेत, पण या फुलाची हकिगतही तितकीच वाचण्याजोगी आहे.

फुलाचं इंग्रजी नाव 'लेडीज स्लिपर'. शास्त्रीय नाव सिप्रिपेडियम कॅल्सिओलस. हे ऑर्किडच, म्हणजे आपल्याकडे ज्यांना आमरी म्हणतात त्यांच्यातलं. पण सुपरमार्केटमध्ये कुंडीत मिळणाऱ्या, खिडकीत ठेवायच्या नाजूक ऑर्किडशी याचं वागणं अगदी वेगळं. हे जमिनीत वाढतं आणि कडाक्याची थंडी सोसतं. हिवाळ्यात वरचा भाग पार वाळून जातो, मुळाशी असलेला आडवा कंद बर्फाखाली स्वस्थ झोपून राहतो आणि वसंतात पुन्हा कोंब फुटतात. मे महिन्याच्या अखेरीस फूल येतं. चार तपकिरी-जांभळट पाकळ्या, त्यांतल्या दोन पीळ घातलेल्या फितीसारख्या, आणि मधोमध पिवळीजर्द फुगीर पिशवी. पिशवी म्हणण्यापेक्षा मोजडीच म्हणावं, इतका आकार हुबेहूब! वासही मंद, गोडसर, फळांची आठवण करून देणारा.

एका नावात किती गोष्टी

सिप्रिपेडियम या प्रजातीत जगभर सुमारे ५० जाती आहेत. युरोपपासून सैबेरियापर्यंत, चीन, जपान, हिमालय आणि उत्तर अमेरिका असा त्यांचा पसारा आहे. जिथे जिथे हे फूल आहे तिथल्या माणसांना त्यात पायातलं काहीतरी दिसलं. युरोपात मध्ययुगापासून ते 'अवर लेडी'ची, म्हणजे येशूची आई मेरी हिची मोजडी झालं. अमेरिकेत त्याला 'मोकासिन फ्लॉवर' म्हणू लागले, कारण तिथल्या मूळ रहिवाशांची मऊ कातड्याची पादत्राणं अशीच दिसत.

जपानमध्ये मात्र वेगळीच कथा. तिथल्या एका जातीचं नाव 'अत्सुमोरी-सो' आणि दुसरीचं 'कुमागाई-सो'. ११८४ साली इचि-नो-तानीच्या लढाईत कुमागाई नाओझाने या कसलेल्या योद्ध्याने अत्सुमोरी या कोवळ्या तरुणाला मारलं आणि त्या दुःखाने पुढे तो भिक्षू झाला, अशी परंपरागत कथा आहे. त्या काळचे घोडेस्वार पाठीवर वाऱ्याने फुगणारं एक वस्त्र बांधत. फुलाची फुगीर पिशवी पाहून जपानी लोकांना ते वस्त्र आठवलं, आणि मारणारा व मरणारा दोघेही रानात फुलं होऊन शेजारी राहिले.

शास्त्रीय नाव दिलं स्वीडनच्या लिनियसने, १७५३ साली. 'सिप्रिस' म्हणजे सायप्रसची देवी, ग्रीकांची ॲफ्रोडाइटी. म्हणजे मेरीची मोजडी लिनियसने काढून थेट सौंदर्यदेवतेच्या पायात घातली! मात्र 'कॅल्सिओलस' म्हणजे छोटा जोडा, हे जुनं नाव त्याने मागे ठेवलं.

इथे आपल्या लोकांना सांगावीशी एक गंमत आहे. लिनियसच्या याच ग्रंथात, अगदी जवळच्याच पानावर, आणखी एका ऑर्किडचं नामकरण झालं आहे. तेच कोकणातल्या आणि घाटातल्या झाडांवर पावसाळ्याच्या तोंडाला गुलाबी-पांढऱ्या तुऱ्यांनी लोंबणारं आपलं ऑर्किड, सीतेची वेणी. लिनियस कधी भारतात आला नाही. त्याने ही माहिती घेतली 'होर्टुस मलबारिकुस' या बारा खंडांच्या ग्रंथातून. डच अधिकारी व्हॅन रीड याने कोचीनला तो तयार करवून घेतला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो प्रसिद्ध झाला. त्या कामात रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट या तीन कोंकणी वैद्यांचा हात होता. त्यांचं १६७५ सालचं नागरी लिपीतलं प्रशस्तिपत्र त्या ग्रंथात छापलेलं आहे. तेव्हा मेरीची मोजडी आणि सीतेची वेणी यांची युरोपच्या शास्त्रात एकाच वर्षी, एकाच ग्रंथात नोंद झाली, आणि त्यातल्या एकीमागे आपल्याच किनाऱ्यावरच्या वैद्यांचं ज्ञान होतं. देशोदेशीच्या साध्या माणसांनी सुंदर रानफुलाला आपापल्या देवीचा दागिना किंवा पादत्राण समजावं, हेही किती सारखं!

थॉमसिन बाईंची भेट

आता पुन्हा इंगलबरोकडे येऊ. १६२९ साली जॉन पार्किन्सन या लंडनच्या औषधी विक्रेत्याने बागकामावर एक मोठा ग्रंथ छापला. त्याच्या लॅटिन नावात त्याने स्वतःच्याच आडनावावर कोटी केली आहे, 'पार्क-इन-सन'! आपल्याकडे शिवरायांचा जन्म व्हायला तेव्हा एक वर्ष बाकी होतं. या ग्रंथात पार्किन्सन लिहितो, की ही मेरीची मोजडी इंगलबरोजवळच्या हेल्क्स नावाच्या रानात होते. आणि हे त्याला कुणी सांगितलं? हॉर्नबी किल्ल्याजवळ राहणाऱ्या थॉमसिन टन्स्टॉल नावाच्या बाईंनी. झाडाफुलांचा त्यांना फार नाद. त्यांनी अनेकदा या झाडाची मुळं खणून लंडनला पाठवली आणि पार्किन्सनच्या बागेत त्यांना सुरेख फुलं आली.

ब्रिटनमधल्या या फुलाच्या लेखी इतिहासाची ही सुरुवात. त्यात एका बाईचं नाव आहे याचा आनंद वाटतो, कारण त्या काळच्या शास्त्रग्रंथांत बायकांची नावं शोधूनही सापडत नाहीत. पण पुढे जे घडणार होतं त्याचं बीही याच नोंदीत आहे. आवडलं म्हणून खणलं, आणि दुसऱ्यालाही आवडेल म्हणून पाठवलं. हेल्क्सच्या रानात तेव्हा झाडं भरपूर होती. चार मुळं काढल्याने काही बिघडेल असं थॉमसिन बाईंच्या मनातही आलं नसणार.

अठराव्या शतकात इंगलटनजवळच्या सेटलच्या बाजारात या फुलांचे जुडगे विकायला येऊ लागले. बागवान मुळं खणून बागांसाठी विकू लागले. मग आला एकोणिसाव्या शतकातला ऑर्किडचा उन्माद. साहेब लोकांनी आसामपासून ब्राझीलपर्यंतची जंगलं ऑर्किडसाठी पालथी घातली आणि लंडनमध्ये त्यांचे लिलाव होऊ लागले. परदेशी ऑर्किडला काचेचं गरम घर बांधावं लागे आणि ते श्रीमंतांनाच परवडे. मेरीची मोजडी पडली देशी आणि चिवट, ती साध्या बागेतही जगे. चिवटपणाच तिच्या मुळावर आला! त्यातच जागोजागी वनस्पतींचे नमुने वाळवून कागदावर चिकटवण्याचा छंद बोकाळला. फूल जितकं दुर्मीळ तितका नमुन्याचा मान मोठा, म्हणून उरलीसुरली झाडंही वहीत गेली. बाकी रानं तुटली, मेंढ्यांनी चराई केली, हे होतंच.

१९१७ साली ही वनस्पती ब्रिटनमधून नामशेष झाल्याचं जाहीर झालं. पार्किन्सनच्या नोंदीनंतर तीनशे वर्षंही पुरी झाली नव्हती.

एवढं चिवट झाड परत का येईना?

वाचकांना प्रश्न पडेल, की थंडी-बर्फाला न घाबरणारं आणि एकदा रुजलं की अनेक दशकं जगणारं झाड, थोडी उसंत मिळाल्यावर पुन्हा का पसरलं नाही? गवत नाही का पुन्हा उगवत?

याचं उत्तर त्या मोजडीतच आहे. फुलाला वास आहे, रंग आहे, पण आत मध मात्र थेंबभरही नाही. हा शुद्ध फसवणुकीचा धंदा! छोट्या रानमाश्या वासाला भुलून पिशवीच्या काठावर बसतात आणि घसरून आत पडतात. काठ आतल्या बाजूला वळलेला आणि गुळगुळीत, त्यामुळे आल्या वाटेने परत जाता येत नाही. बाहेर पडायला मागच्या बाजूला दोन अरुंद वाटा असतात. तिथून अंग चोरून निघताना माशी आधी फुलाच्या स्त्रीकेसराखालून जाते आणि मग परागांना घासते. दुसऱ्या फुलात पुन्हा फसली, तर आधीचे पराग तिथे लागतात. पण एकदा उपाशीपोटी सुटलेली माशी पुन्हा पुन्हा फसेलच असं नाही, म्हणून फळ धरणं मुळातच कमी.

ही युक्ती उलगडायला चार्ल्स डार्विनलाही वेळ लागला. १८६२ साली त्याने ऑर्किडवर पुस्तक लिहिलं तेव्हा कीटक बाहेरूनच सोंड खुपसत असावेत असं त्याचं मत होतं. अमेरिकेतले वनस्पतिशास्त्रज्ञ एसा ग्रे यांनी तिथल्या मोजड्या पाहून कळवलं, की कीटक आतच शिरत असले पाहिजेत. डार्विनने मग स्वतः एक छोटी माशी धरून फुलात सोडली आणि बघत बसला. माशी धडपडली, आणि शेवटी मागच्या वाटेने परागांनी माखून बाहेर पडली. त्याने तिला पुन्हा आत घातलं, ती पुन्हा तशीच बाहेर आली. पुस्तकाच्या १८७७ च्या आवृत्तीत ही हकिगत आहे.

दुसरी अडचण बियांची. एका फळात हजारो बिया असतात, पण त्या धुळीसारख्या. गव्हाच्या किंवा वाटाण्याच्या दाण्यात रोपट्यासाठी शिदोरी बांधलेली असते, तशी ऑर्किडच्या बीमध्ये नसते. जमिनीत विशिष्ट बुरशीचा तंतू त्या बीमध्ये शिरला आणि त्याने अन्न पुरवलं, तरच अंकुर वाढतो. नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९९ मध्ये दुसऱ्या एका ऑर्किडवर हे प्रथम पाहिलं. मेरीच्या मोजडीचं बी रुजल्यावर काही काळ जमिनीखालीच असतं आणि फूल यायला बरीच वर्षं लागतात. असं झाड एका दुपारी कुदळीने निघतं, पण त्याची भरपाई व्हायला माणसाची अर्धी पिढी जाते. शिवाय झाडं विरळ झाली की माशीला दुसरं फूलच सापडत नाही. मग उरलेलं झाड जगतं, फुलतं, पण त्याचा वंश वाढत नाही.

गुपित

१९३० साली चमत्कार झाला. यॉर्कशायरमधल्या सिल्सडेन गावचे, कापड विणण्याचं काम करणारे दोन भाऊ डेल्समध्ये फिरत असताना त्यांच्यापैकी एकाला ही मोजडी दिसली. हे कुणी विद्यापीठातले पंडित नव्हते. आठवडाभर मागावर उभं राहायचं आणि सुट्टीच्या दिवशी डोंगरात जाऊन फुलं बघायची, असा त्या भागातल्या कामगारांचा जुना शौक होता. आपल्या गिरणगावातली माणसं पाळी संपवून भजनाला किंवा नाटकाच्या तालमीला जात, त्यातलाच हा प्रकार.

पुढे काय झालं? खरं तर काहीच झालं नाही, आणि तेच महत्त्वाचं! वर्तमानपत्रात पत्ता छापून आला नाही. मोजक्या निसर्गप्रेमींनी आपसात ठरवलं, की जागा कुणालाही सांगायची नाही. महायुद्ध आलं आणि गेलं, ही माणसं म्हातारी झाली, त्यांनी पुढच्या पिढीतल्या विश्वासू माणसांना जागा दाखवली. १९७० मध्ये या एका वनस्पतीसाठी रीतसर समिती स्थापन झाली, तिचं नावच 'सिप्रिपेडियम कमिटी'. फुलाच्या मोसमात तिथे राखणदार मुक्काम करू लागला. पराग हाताने लावून फळ धरवण्याचे प्रयत्न सुरू झाले. १९७५ साली ब्रिटनमध्ये रानटी वनस्पतींच्या रक्षणाचा कायदा झाला. त्यात ज्या २१ वनस्पतींना संरक्षण मिळालं त्यांत मेरीची मोजडी होती.

विचार करा, ज्या देशात प्रत्येक वाटेवर पाटी आणि प्रत्येक प्रेक्षणीय जागेजवळ चहाचं दुकान, तिथे इतकी वर्षं एका झाडाची जागा गुप्त राहिली! आपल्याला एखादं छान ठिकाण सापडलं तर आपण घरी येईपर्यंत चार जणांना फोटो पाठवलेले असतात.

काचेच्या बाटलीतली रोपं

राखण करून झाड टिकलं, पण एकाचे दोन होईनात. ते घडायला प्रयोगशाळेची मदत लागली. त्याची वाट १९२२ मध्येच मोकळी झाली होती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात लुईस नुडसन यांनी दाखवून दिलं, की साखर आणि क्षार घातलेल्या, जंतुविरहित आगरवर ऑर्किडचं बी बुरशीशिवायही रुजतं. गरम प्रदेशातल्या ऑर्किडना ही युक्ती लगेच मानवली आणि आज दुकानांत ऑर्किड स्वस्त मिळतात ती त्याच वाटेने. थंड प्रदेशातली ही मोजडी मात्र हटवादी निघाली.

१९८३ साली सर रॉबर्ट आणि लेडी लिसा सेन्सबरी यांच्या देणगीतून लंडनच्या क्यू गार्डन्समध्ये ऑर्किड संवर्धनाचा खास प्रकल्प सुरू झाला. हो, आपल्या रोजच्या वाणसामानाच्या दुकानावर जे नाव असतं तेच हे घराणं! तिथल्या शास्त्रज्ञांनी चिकाटीने बी रुजवण्याची रीत बसवली. त्या एका झाडाच्या, आणि पूर्वी रानातून नेऊन जुन्या बागांत जगवलेल्या अस्सल देशी झाडांच्या बियांपासून बाटल्यांत रोपं तयार झाली. पाहा, ज्या खणाखणीने रान ओस पडलं, तिच्यातूनच बागेत पोचलेली चार झाडं आता वंश वाढवायला उपयोगी पडली.

१९८९ पासून ही रोपं उत्तर इंग्लंडमधल्या त्यांच्या जुन्या मुलखात लावायला सुरुवात झाली. बाटलीत सगळं आयतं मिळालेल्या रोपाला उघड्यावर गोगलगायी, गारठा, कोरडा उन्हाळा हे सारं नवीन. बरीच रोपं मेली. लावणारे दर वसंतात जाऊन पाहत आणि परत येत. अखेर २००० साली, म्हणजे पहिली रोपं लावल्यानंतर ११ वर्षांनी, त्यांच्यातल्या एकाला रानात पहिलं फूल आलं.

गोष्ट इथे सुखान्त करायचा मोह होतो, पण माणसाचा स्वभाव मध्ये येतोच. लँकशायरमध्ये सिल्व्हरडेलजवळ एका गोल्फच्या मैदानावर या ऑर्किडचं एक जुनं प्रसिद्ध झाड होतं. कुणीतरी चोरून त्याचं फूल कापून नेलं. म्हणून २०१० च्या मोसमात त्याच्यावर चक्क पोलिसांनी लक्ष ठेवलं. चारशे वर्षांत हाव काही कमी झाली नाही, फरक एवढाच की आता पहारा होता.

आणि मग २०२५ च्या उन्हाळ्यात बातमी आली, की यॉर्कशायर डेल्समध्ये एक रोप सापडलं आहे, जे कुणीही लावलेलं नाही. पुन्हा वसवलेल्या झाडांच्या फुलात एखादी माशी फसली असेल, फळ धरलं असेल, धुळीएवढं बी वाऱ्याने उडून योग्य बुरशीच्या शेजारी पडलं असेल. १९३० नंतर प्रथमच असं आपोआप उगवलेलं रोप मिळालं. त्याचाही पत्ता अर्थातच गुप्त आहे.

हे फक्त इंग्रजांचं नाही

आपले जे नातेवाईक अमेरिकेत आहेत त्यांनाही ही मोजडी परकी नाही. मिनेसोटा राज्याचं ते राज्यफूल. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनाच्या निमित्ताने तिथल्या महिलांनी पुढाकार घेऊन ते निवडलं, पण कागदावर नाव पडलं युरोपातल्या जातीचं, जी मिनेसोटात उगवतच नाही! एका महिला अभ्यास मंडळाच्या हे लक्षात आलं आणि १९०२ मध्ये दुरुस्ती होऊन गुलाबी-पांढऱ्या स्थानिक जातीचं नाव घातलं गेलं. १९२५ पासून तिथे ही फुलं तोडायला कायद्याने बंदी आहे. त्याच अमेरिकेत पिवळ्या मोजडीची मुळं एकोणिसाव्या शतकात झोपेचं आणि मन शांत करण्याचं औषध म्हणून गोणीगोणीने विकली जात असत.

आणि भारतात? सह्याद्रीत सिप्रिपेडियम होत नाही, त्याला हिमालयाची थंडी लागते. उत्तराखंडातल्या 'व्हॅली ऑफ फ्लॉवर्स'मध्ये त्याची एक जात सापडते. हिमालयातल्याच दुसऱ्या एका थंडी सोसणाऱ्या ऑर्किडला मात्र आपल्यापैकी अनेकांच्या आज्या चांगल्या ओळखत असत. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा सालमपंजा! अशक्तपणावर दुधातून द्यायचा तो 'पंजा' म्हणजे त्या ऑर्किडचा हाताच्या बोटांसारखा कंदच. एक पंजा म्हणजे खणलेलं एक झाड. या खणाखणीमुळे तेही हिमालयात दुर्मीळ होत चाललं आहे, आणि ऑर्किडच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर आता कराराने निर्बंध आहेत.

पश्चिम घाटाच्या अगदी दक्षिण टोकाला, अगस्त्यमलैच्या डोंगरात, मोजडीसारखीच पिशवी असलेलं पिवळं ऑर्किड आहे. कर्नल ड्रुरी यांना ते १८६५ मध्ये दिसलं आणि त्यांचं नाव त्याला मिळालं. संग्राहकांनी त्याचीही हेल्क्सच्या रानासारखीच गत केली. तेव्हा 'ब्रिटिशांनी आपलंच रान लुटलं' असं म्हणून हसायचं कारण नाही. आवडत्या गोष्टीला ओरबाडण्याची सवय कुणा एका जमातीची नव्हे.

उलट, आपल्या कास पठारावर पावसाळ्यात उगवणारी ऑर्किड पाहा. टूथब्रशसारखा तुरा असलेलं पांढरं ऑर्किड तिथे सप्टेंबरच्या सुमारास दिसतं. मेरीची मोजडी जशी बर्फात कंदरूपाने झोपते, तसं हे उन्हाळ्याच्या रखरखाटात झोपतं आणि पावसाने जागं होतं. संकट वेगळं, तोड एकच. २०१२ साली पश्चिम घाटातल्या ३९ ठिकाणांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. तेव्हापासून तिथे जाणाऱ्यांची गर्दी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. भारतभेटीत मुलांना तिथे जरूर न्यावं, पण पाय कुठे पडतोय हेही शिकवावं. पायाखाली चिरडली जाणारी ती निळी इवली फुलं सीतेची आसवं असतात.

इंग्लंडमध्ये मेरीची मोजडी पाहायची असेल तर ती गुपितं शोधत हिंडण्याची गरज नाही. लँकशायरच्या सिल्व्हरडेलजवळ गेट बॅरोज या राष्ट्रीय निसर्ग राखीव क्षेत्रात पुन्हा लावलेली झाडं आहेत. मेच्या शेवटच्या आठवड्यापासून जूनच्या सुरुवातीपर्यंत ती फुलतात. तिथे आलेला प्रत्येक जण वाटेवरच उभा राहून, वाकून बघतो. जागा चुनखडीच्या फरशांची आहे, मुलांच्या पायात चांगले बूट असू द्या. शाळेच्या हाफ टर्मची सुट्टीही बहुधा त्याच सुमारास येते.

मुलांनी विचारलं, की एका फुलासाठी एवढा खटाटोप का, तर त्यांना त्या विणकर भावांची हकिगत सांगा. १९३० च्या त्या दिवशी झाड खणून नेलं असतं तर त्यांना चार पैसे मिळाले असते आणि गोष्ट तिथेच संपली असती. त्यांनी ते तिथेच राहू दिलं. नंतर ज्यांनी राखण केली, त्यांच्यातल्या पुष्कळांना नव्या रोपाला आलेलं फूल बघायलाही मिळालं नाही. आपण घरी मुलांशी मराठी बोलतो, गणपती बसवतो, ही स्मरणिका काढतो, त्यातलं किती रुजेल हे आपल्यालाही आज दिसत नाही. तरीही आपण दर वर्षी ते करतो.